श्लोक गायचा की बोलायचा?

सूत्रधार: परवाची ती पोस्ट डोक्यातून जात नाही. ‘संस्कृत नाटकातला श्लोक सरळ गद्यासारखा बोला, वृत्त विसरा, भावना आली की पुरे.’ वृत्त कसं विसरायचं? कालिदासाच्या शाकुंतलाच्या चौथ्या अंकातला कण्व घ्या, शकुंतलेला सासरी पाठवणारा मानलेला बाप. शार्दूलविक्रीडित, १९ अक्षरं, यती, म्हणजे ओळीतला ठरलेला विराम, १२व्यावर. ‘यास्यत्यद्य शकुन्तलेति हृदयं’, ‘आज शकुंतला जाणार म्हणून हृदय...’, इथे थांबून बघा. तो आवंढा कालिदासानेच लिहून ठेवलाय, नटाने फक्त गिळायचा.

गद्यवाला: पोस्ट माझीच. आता पुढची ओळ म्हणा. ‘कलुषश्चिन्ताजडं’. यती नेमका ‘कलुषः + चिन्ता’ या संधीच्या पोटात. थांबलात तर संधी फुटतो, नाही थांबलात तर यती गेला. मी कण्व केलाय. महिनाभर यती घोटला आणि प्रयोगात पहिल्या रांगेतले गृहस्थ डोळे मिटून मान डोलवायला लागले. मुलगी सासरी निघालीय आणि दाद चालीला! पुढच्या प्रयोगाला मनात अन्वय, म्हणजे शब्दांचा गद्यातला क्रम, पक्का करून अर्थाच्या तुकड्यांनी बोललो. मागून हुंदका ऐकू आला.

प्राकृतप्रेमी: कण्वावरून भांडताय, शकुंतलेचं काय? ती बोलते शौरसेनी, म्हणजे प्राकृत, आपण सर्रास तिची संस्कृत छाया, म्हणजे शब्दशः संस्कृत रूपांतर, म्हणतो. विदूषकही राजासारखंच बोलायला लागला तर तो विदूषक कसला? एका स्पर्धेत मी मूळ प्राकृत बोलले, तर परीक्षकांनी ‘उच्चार अशुद्ध’ म्हणून गुण कापले. अजून सलतंय.

गद्यवाला: विषय श्लोकाचा आहे. शिवाय प्रेक्षकाला जिथे संस्कृतच कळत नाही, तिथे शौरसेनी कुठून कळणार?

प्राकृतप्रेमी: एकदा ‘आर्यपुत्र’ म्हणा, मग ‘अज्जउत्त’ म्हणा. पहिल्यात दरबार ऐकू येतो, दुसऱ्यात बायको. आणि श्लोकच हवा ना? पाचव्या अंकात राणी हंसपदिका गाते ते महाराष्ट्री प्राकृतात. आपल्या मराठीची पणजी ती! तिलाही संस्कृत करून गाणाऱ्यांनी मला विषय शिकवू नये.

पाठ्यवेडा: नाट्यशास्त्र उघडा की. भरताने पाठ्याचे, म्हणजे नटाने बोलायच्या मजकुराचे, अलंकार सहा दिलेत: उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत, विलंबित. शिवाय काकू, म्हणजे अर्थासाठी आवाजाला दिलेलं वळण: साकांक्ष (अर्थ अपुरा ठेवणारं) आणि निराकांक्ष (अर्थ पुरा करणारं). ही बोलण्याची तयारी आहे, चाल लावण्याची नव्हे.

सूत्रधार: चाल लावा असं मी म्हटलंच नव्हतं, नीट वाचा. संधीचं मात्र कबूल. तिथे मीही श्वास घेत नाही, ‘श्’ जरा धरून ठेवतो. पण ‘वृत्त विसरा’ हे मागे घ्या.

गद्यवाला: ‘विसरा’ जास्त झालं. ‘हृदयं’नंतरचा श्वास घेऊन बघतो. यापुढे एक इंच सरकणार नाही.

प्राकृतप्रेमी: आणि तुमची शकुंतला कुठल्या भाषेत बोलणार, ते?