रास्कोलनिकोव्हला लिझावेता कधी आठवते?

तलावपाळीकर (धागाकर्ता):

नौपाड्यातल्या आमच्या वाचनगटाने या महिन्यात दस्तयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' (१८६६) घेतली होती. रास्कोलनिकोव्हचा ताप, तपास अधिकारी पोर्फिरीने त्याला हळूहळू कोंडीत पकडणं, घरच्यांसाठी देहविक्रय करणाऱ्या सोन्या नावाच्या मुलीपुढची कबुली, सगळ्यावर मंडळी भरभरून बोलली. लिझावेताचं नाव मात्र एकानेही घेतलं नाही.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: रास्कोलनिकोव्ह हा शिक्षण सुटलेला विद्यार्थी. वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्या म्हातारीला तो ठरवून कुऱ्हाडीने मारतो. तेवढ्यात तिची सावत्र बहीण लिझावेता घरात येते. तिने पाहिलं, म्हणून तिलाही मारतो. लोकांची धुणी धुणारी, फरशा पुसणारी, बहिणीचा मार खाणारी ही बाई. मोलकरीण नास्तास्या नंतर त्याला सांगते की तुझा सदरासुद्धा तिने सांधून दिला होता. डोक्यावर कुऱ्हाड उगारलेली असतानाही ती ओरडत नाही, डावा हात जेमतेम पुढे करते.

या कादंबरीतला अपराधभाव स्वतःपलीकडे जात नाही, असं माझं म्हणणं आहे. सोन्याला तो सांगतो, मी म्हातारीला कुठे मारलं, मी स्वतःला मारलं. म्हातारी त्याच्या लेखी ऊ. लिझावेताचं तर त्यालाच नवल वाटतं, की जणू तिला मारलंच नसावं इतकी ती मला का आठवत नाही! पुढे आठ वर्षांची सक्तमजुरी भोगायला सैबेरियात गेल्यावरही त्याला केल्या कृत्यात फार भयंकर काही दिसत नाही. बोचतं ते एवढंच, की आपल्याला ते पेललं नाही. याला सद्सद्विवेकाची महान कथा म्हणायला माझं मन तयार होत नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? वाल्या कोळ्याने माणूस मारला की रांजणात एक खडा टाकला. असे सात रांजण भरले. पुढे त्याचा वाल्मीकी झाला. ते खडे कोण होते, कुणाचे कोण होते, हे गोष्ट सांगणाऱ्याने सांगितलं नाही आणि ऐकणाऱ्यानेही विचारलं नाही.

नेरूळची वाचक:

अजिबात सहमत नाही. तुम्ही लिझावेताला रास्कोलनिकोव्हच्या बोलण्यात शोधताय, लेखकाने तिला दुसरीकडे ठेवलंय. सोन्या ज्या पुस्तकातून त्याला लाझरसच्या पुनरुत्थानाचा उतारा वाचून दाखवते, तो बायबलातला नवा करार तिला लिझावेतानेच आणून दिलेला. सोन्याने आणि तिने गळ्यातले क्रूस एकमेकींना दिलेले. तो पोलिसांपुढे कबुली द्यायला निघताना सोन्या स्वतःचा लाकडी क्रूस त्याच्या गळ्यात घालते आणि लिझावेताचा पितळी आपल्याकडे ठेवते. कबुलीच्या प्रसंगात सोन्याचा चेहरा बघताना त्याला एकदम लिझावेताचा चेहरा दिसतो, तीच लहान मुलासारखी भीती, तसाच पुढे आलेला हात. तो विसरला असेल, कादंबरी विसरलेली नाही. सैबेरियात त्याच्या उशीखाली असतं तेही तेच पुस्तक. मेलेल्या बाईला याहून मोठी जागा कुठल्या लेखकाने दिली असती?

काळा कोट, ठाणे:

मी फौजदारी वकिली करतो, म्हणून एक वेगळा मुद्दा. कबुली म्हणजे विवेक जागा झाल्याचा पुरावा, असं दोघंही गृहीत धरताय. कायदा असं मानत नाही. रास्कोलनिकोव्ह पोलीस ठाण्यात जाऊन अधिकाऱ्यासमोर गुन्हा कबूल करतो. आपल्याकडे १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५ आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ पाहा. पोलिसासमोरची अशी कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. ती दंडाधिकाऱ्यासमोर, कुणाच्या दबावाखाली नाही याची खात्री करून नोंदवावी लागते. मात्र त्याने म्हातारीकडून चोरून दगडाखाली लपवलेला ऐवज त्याच्या सांगण्यावरून सापडला, तर बोलण्याचा तेवढा भाग चालतो.

कायद्याला हा अविश्वास का? कारण माणसं न केलेलंही कबूल करतात. याच कादंबरीत रंगारी निकोलाय येऊन सांगतो की खून मी केला. पोर्फिरी ओळखतो की याला दुःख भोगायची ओढ लागली आहे. अपराधभाव खरा, गुन्हा खोटा! उलट रास्कोलनिकोव्हने गुन्हा केलाय, पण अपराधभाव नीट उतरलेला नाही. दस्तयेव्हस्कीने ही दोन माणसं समोरासमोर ठेवली, हे मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं. तुमच्या गटात निकोलायबद्दल कुणी बोललं का?

ऐरोली फास्ट:

काळा कोट यांना +१. लेखक स्वतः १८५० ते ५४ ओम्स्कच्या तुरुंगात खुन्यांबरोबर राहिला. त्यावरच्या पुस्तकात त्याने साफ लिहिलंय की इतक्या वर्षांत या लोकांत पश्चात्तापाचं चिन्ह दिसलं नाही. मग त्याने रास्कोलनिकोव्हला चटकन रडवलं नाही, यात प्रामाणिकपणा आहे. धागाकर्त्यांना जे खटकतंय तेच मला खरं वाटतं.

खारकर आळी:

'आपल्याकडेही हेच' या वाक्याला माझा ठाम विरोध. महाभारत घ्या. अश्वत्थामा रात्री झोपलेल्यांना मारतो, त्यात द्रौपदीची पाचही मुलं जातात. तिथे व्यास आधी द्रौपदीकडे वळतात. ती अन्न सोडून बसते, त्याच्या मस्तकावरचा मणी आणा म्हणते. जिचं गेलं तिचा राग कथेला पुढे नेतो. आणि तलावपाळीला ज्यांच्या नावाचं रंगायतन आहे त्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त लोक रडतात ते दारुड्या सुधाकरच्या बायकोसाठी, सिंधूसाठी. सुधाकरसाठी रडणारा प्रेक्षक मी पाहिलेला नाही.

तलावपाळीकर:

खारकर आळी, द्रौपदी मान्य. पण त्या पाच मुलांची नावं किती जणांना येतात? प्रतिविंध्य, सुतसोम, श्रुतकर्मा, शतानीक, श्रुतसेन. अश्वत्थामा मात्र जखमेसाठी तेल मागत अजून गावोगाव फिरतो, त्याच्या कथा आजीपासून सगळ्यांना पाठ. सिंधूचं म्हणाल तर ती मरतानाही खोटी जबानी देऊन नवऱ्याला वाचवते. म्हणजे जिच्यावर वार झाला तिनेच मारणाऱ्याची काळजी वाहायची. मला नेमकं हेच सोसत नाही.

नेरूळची वाचक, उशीखालचं पुस्तक तुम्ही बरोबर दाखवलंत. पण पुढचं वाक्य वाचा, त्याने ते अजून उघडलेलंसुद्धा नाही. आणि ते त्याला सोन्याचं पुस्तक म्हणून हवंय. ते लिझावेताच्या हातचं आहे, हा विचार शेवटच्या पानावर त्याच्या मनात येत नाही.

नेरूळची वाचक:

उघडलेलं नाही, बरोबर. पण तेव्हा शिक्षेची सात वर्षं बाकी आहेत. पुढची कथा वेगळी आहे असं सांगून लेखक तिथे थांबतो. त्या सात वर्षांत तो पुस्तक उघडेल, आणि ते उघडताना आणून देणारीचे हात आठवल्याशिवाय राहणार नाहीत, असं मी धरते. तुम्ही उलट धरता. लिहिलेलं दोघांच्याही बाजूने नाही, तेव्हा 'त्याला पश्चात्ताप झालाच नाही' हा निकाल तुम्ही कादंबरीच्या नावावर देऊ नका.