चौदा महिन्यांची झाली, अजून चालत नाही : वॉकर आणायचा का?

चिंचेचा कोळ
काल दुसऱ्या धाग्यावर एकीने विचारलं होतं की मुलगी चौदा महिन्यांची झाली, धरून उभी राहते, पण सोडून पाऊल टाकत नाही. त्यावर 'जुना ठाणेकर' यांचं उत्तर : "आमच्या वेळी मुलं नवव्या महिन्यात घरभर फिरायची. हल्लीच्या आया कडेवरून खाली ठेवतील तर ना! वॉकर आणा, पंधरा दिवसांत पळेल." खाली टाळ्यांचा पाऊस. रात्रभर डोक्यात होतं, म्हणून वेगळा धागा.

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपल्या दिल्लीतली निरोगी मुलं बघून २००६ मध्ये आकडे काढले. आधाराशिवाय चालायचं वय ८.२ ते १७.६ महिने. नवव्या महिन्यात चालणारं मूल नॉर्मल आणि सतराव्यात चालणारंही. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. माझा पुतण्या त्यातलाच. बुडावर घसरत अख्खं घर पुसून काढायचा, आणि एक दिवस कपाटाला धरून उठला तो चालायलाच लागला.

आता वॉकर. मूल झोळीत लटकतं आणि चवड्यांनी जमीन ढकलतं. तोल सावरायची वेळच येत नाही, मग चालणं शिकणार कसं? वर ते गाडं असं सुसाट सुटतं की आपण उठेपर्यंत जिन्याच्या तोंडाशी नाहीतर चहाच्या कपाशी. कॅनडाने २००४ पासून विक्रीवर बंदी घातलीय. आपल्याकडे अजून बारशाला गिफ्ट देतात.

जुना ठाणेकर
ताई, अभ्यास दांडगा आहे, दंडवत. पण आम्ही कॅनडात नाही, चाळीत वाढलो. आईने आम्हा पाचही भावंडांना पांगुळगाड्यावर चालायला शिकवलं. पाचही जण आजपर्यंत चालतो आहोत. आकडेवारी आमच्याकडेही आहे.

चिंचेचा कोळ
काका, पांगुळगाडा आणि वॉकर एक कसे? पांगुळगाडा लाकडाचा, तीन चाकांचा. मूल मागे उभं राहतं, सगळा भार स्वतःच्या पायांवर घेतं, दांडी धरून ढकलतं. थांबलं की गाडा थांबतो. त्याला कोण नको म्हणतंय? (नजर ठेवायला लागते, ते आहेच.)

पिंपळपान
वॉकर-बिकर सोडा. मूळ कारण कुणी बोलत नाही : मालिश आणि गुटी बंद झाली. माझी आजी सहाणेवर आईच्या दुधात हळकुंड, सुंठ, बाळहिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ उगाळायची. प्रत्येकाचे वळसे ठरलेले. शेवटी मधाचं बोट. तीन महिन्यांचं बाळ मान कशी ताठ धरायचं! आता डॉक्टर म्हणतात सहा महिने पाणीसुद्धा नको. आमच्या सुनेने सहाण माळ्यावर टाकली.

डॉक, अकोला
सूनबाईंचं कौतुक करा. मान तीन-चार महिन्यांत धरली जातेच, गुटीने नाही. जायफळाने बाळ 'शांत' होतं कारण त्याला गुंगी येते. वेखंड अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत चालत नाही. आणि वर्षाच्या आत मध अजिबात नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी लहान बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. दुर्मीळ आहे, पण झाला तर बाळ लुळं पडतं. मालिशला माझी ना नाही, फक्त नाकाकानात तेल सोडू नका.

पिंपळपान
म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आमच्या आज्या विष पाजत होत्या? हेच डॉक्टर दुसऱ्या दिवशी पावडरचा डबा लिहून देतात! माझ्या मुलीच्या वेळी पाचव्या दिवशी डबा हातात दिला होता.

डॉक, अकोला
ज्यांनी दिला त्यांना जाब विचारा, मला नाही. १९९२ चा कायदा आहे, डब्याची जाहिरातसुद्धा करता येत नाही. आणि आज्यांनी काय पाजलं याचा हिशोब मांडायचा तर त्यांची किती मुलं वर्षाच्या आत गेली तेही मांडावं लागेल. मांडू?

वांगीभात
डॉक्टर, हे जास्त झालं. पण पिंपळपान, माझ्या सासूबाईंनी माझ्या नकळत गुटी दिली. बाळ दुपारभर उठेना, दूधही घेईना. त्या दुपारी माझं काय झालं ते मलाच माहीत. संध्याकाळी डबीतलं जायफळ अर्धं झिजलेलं दिसलं तेव्हा कळलं.

जुना ठाणेकर
धागा चालण्याचा होता ना?

पिंपळपान
जायफळ जास्त उगाळलं असेल. प्रमाण कळायला हवं. दोष गुटीचा नाही.

वांगीभात
प्रमाण कोण ठरवणार, चष्मा हरवलेल्या सासूबाई?

अंगणवाडीताई
भांडून झालं असेल तर बोलू का? आमच्याकडे माता-बाल संरक्षण कार्डावर कुठल्या वयात काय यायला हवं त्याची चित्रं आहेत. लोक फक्त वजनाचा रंग बघतात, चित्रांचं पान उघडतच नाहीत. अठरा महिने झाले तरी चालत नसेल तर दाखवायचंच. त्याआधी कधी? एक पाय ओढत असेल, वर्षाच्या आत एकाच हाताने सगळं करत असेल, किंवा आधी येत होतं ते येईनासं झालं असेल तर. आणि मूळ बाईंना एक विचारते, बाळ पुऱ्या दिवसांचं होतं का?

मुळ्याची शेंग
तो प्रश्न माझाच होता. नाही ताई, बत्तिसाव्या आठवड्यात झाली. पेटीत होती. मी वय जन्मतारखेपासून धरत होते.

डॉक, अकोला
मग दोन महिने वजा करा. दोन वर्षांची होईपर्यंत वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं. तुमची मुलगी बारा महिन्यांची आहे आणि धरून उभी राहते. छान चाललंय. अशा बाळांची नियमित तपासणी मात्र चुकवू नका.

जुना ठाणेकर
हे आधी सांगितलं असतं तर मी कशाला बोललो असतो?

मुळ्याची शेंग
काका, तुम्ही विचारलंच नाहीत. थेट कडेवरच आलात.

जुना ठाणेकर
बरं बाई. वॉकर नको. पांगुळगाडा चालेल म्हणालात ना? तेवढं मी सुरुवातीपासून म्हणतोय.

चिंचेचा कोळ
तुमचं पहिलं उत्तर वर चिकटवलंय, काका. त्यात पांगुळगाडा कुठे आहे?