अनुभव हवेत: बेताच्या खर्चात घरचं थिएटर – प्रोजेक्टर आणि पडदा कसा निवडलात?

प्रोजेक्टर घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, 'कुठलं मॉडेल घेऊ?' मला वाटतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी खोली मोजा, मग पडदा किती मोठा ते ठरवा, आणि त्या पडद्याला पुरेल असा प्रोजेक्टर नंतर शोधा. हे उलट्या क्रमाने झालं की पैसे वाया जातात.

थोडं गणित मांडते. सिनेमागृहात पडद्यावर साधारण १६ फूट-लॅम्बर्ट उजेड असावा असं मानक आहे. ल्युमेन म्हणजे यंत्र फेकतं तो एकूण उजेड; साध्या पांढऱ्या पडद्याच्या दर चौरस फुटावर एक ल्युमेन पडला की झाला एक फूट-लॅम्बर्ट. १०० इंची पडदा म्हणजे २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच, जवळजवळ ३० चौरस फूट. ३० गुणिले १६ म्हणजे ४८०. पूर्ण अंधारात, साध्या पांढऱ्या पडद्यावर एवढे खरे ल्युमेन पोचले तरी सिनेमागृहाइतकं चित्र दिसतं. मग दुकानदार ३००० ल्युमेनच्या खाली बोलत का नाही? कारण आपल्या हॉलमध्ये अंधार नसतो.

प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. पडद्यावर आधीच जो उजेड पडलेला आहे, तोच तुमचा काळा. समजा ट्यूबलाइटचा १०० लक्स (दर चौरस मीटरवर १०० ल्युमेन) उजेड पडद्यावर पडतोय. १००० ल्युमेनचा प्रोजेक्टर १०० इंचावर सुमारे ३६० लक्स टाकतो. म्हणजे पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण साडेचारास एक, चित्र अगदी धुवून निघालेलं. ३००० ल्युमेनचा घेतलात तर बारास एक. पण तोच १००० चा ठेवून दिवे मालवले, जाड पडदे ओढले आणि खोलीतला उजेड १० लक्सवर आणला, तर सदतीसास एक! तिप्पट ताकदीच्या यंत्रापेक्षा खिडकीचे पडदे जास्त काम करतात. म्हणून माझ्या यादीत पहिला खर्च खिडक्यांचा आहे.

आता तुम्ही लिहा. खोलीचं माप, पडदा कशाचा, प्रोजेक्टर कुठल्या प्रकारचा, काय पटलं, काय खटकलं. ज्यांनी विचार करून प्रोजेक्टर घेतलाच नाही, त्यांनी तर नक्की लिहा.

ठाणे, दहा बाय बाराचा हॉल

ताई, खोली आधी मोजा हे शंभर टक्के खरं. लहान फ्लॅटमध्ये सगळं अडतं ते थ्रो रेशोवर. पडद्याच्या रुंदीला त्या आकड्याने गुणायचं की प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा ते कळतं. बऱ्याच घरगुती प्रोजेक्टरचा हा आकडा १.२ ते १.५ च्या आसपास असतो. १०० इंची पडद्याची २२१ सेंटिमीटर रुंदी १.५ ने गुणली तर ३.३ मीटर. त्यात प्रोजेक्टरची स्वतःची लांबी आणि मागे वायरींना जागा धरली की बारा फूट तिथेच संपतात. भिंतीला चिकटून बसायचं नव्हतं, म्हणून आम्ही ९२ इंचावर थांबलो. २०४ सेंटिमीटर रुंदी, ३ मीटरवर प्रोजेक्टर.

पडदा घेण्याआधी भिंतीवर मास्किंग टेपने चौकट आखून ठेवली होती आणि रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसायचो. बाबांनी सांगितलं, खालची कड टीपॉयच्या वर यायला हवी, नाहीतर सबटायटल झाकली जातील. ते कागदावर कधीच सुचलं नसतं.

दुसरी गोष्ट कीस्टोनची. प्रोजेक्टर तिरका ठेवून बटणाने चित्र चौकोनी करता येतं, पण तेव्हा यंत्र चित्राचा काही भाग आतल्या आत आक्रसून टाकतं आणि तेवढे पिक्सेल वाया जातात. स्पिरिट लेव्हल लावून प्रोजेक्टर सरळ बसवा. शक्य असेल तर लेन्स शिफ्टवाला घ्या, त्यात भिंग सरकतं, चित्र कापलं जात नाही. बहुतेक डीएलपी प्रोजेक्टर (चिपवरच्या बारीक आरशांनी चित्र फेकणारे) सपाट ठेवले तरी चित्र भिंगाच्या वर फेकतात. ते टेबलावर सरळ किंवा छताला उलटे, असेच बसवायचे असतात. सोफ्यामागच्या उंच फळीवर सरळ ठेवलात तर चित्र छतावर जाईल.

नागपूर, जुन्या प्रोजेक्टरवाला

मी ऑफिसमधून निघालेला लॅम्पवाला घेतला. १०२४ बाय ७६८ पिक्सेल, ३००० ल्युमेन. सिनेमा लावला की वर-खाली पट्ट्या सोडून १०२४ बाय ५७६ उरतात. दहा फुटांवरून जुने चित्रपट आणि क्रिकेट बघायला आम्हाला ते पुरतं. एवढा उजेड एवढ्या पैशात नव्यात मिळत नाही, यावर मी ठाम आहे.

जुना घेताना दोन गोष्टी तपासा. मेन्यूत लॅम्पचे तास दिसतात. साधारण मोडमध्ये लॅम्प ४ ते ५ हजार तास जातो, इको मोडमध्ये त्याहून बराच जास्त. पण हे तास शून्यावर आणता येतात, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, पांढरं चित्र लावून उजेड पिवळट पडलाय का बघा. मग पूर्ण काळं चित्र लावा. डीएलपी असेल आणि काळ्यावर पांढरे ठिपके चमकत असतील तर आतल्या चिपवरचे आरसे अडकायला लागलेत. ठिपके वाढतच जातात आणि चिप बदलण्याचा खर्च त्या प्रोजेक्टरला परवडत नाही. सरळ नको म्हणा.

आणि आपल्याकडची लाइट! लॅम्प तापलेला असताना वीज गेली की पंखाही थांबतो आणि लॅम्प त्याच उष्णतेत बसून राहतो. कॉम्प्युटरचा साधा यूपीएस लावला, वीज गेली की सिनेमा थांबवून प्रोजेक्टर नीट बंद करायला पुरेसा वेळ मिळतो. मे महिन्यात कूलरच्या आवाजापुढे प्रोजेक्टरचा पंखा ऐकू येत नाही, पण त्याच्या जाळीत धूळ फार बसते. ती महिन्याला साफ करा.

डोंबिवली

नागपूरच्या दादांनी डीएलपीचं लिहिलंय म्हणून थोडंसं. लॅम्पवाल्या डीएलपीत रंगांचं चाक फिरत असतं. लाल, हिरवा, निळा असे रंग एकामागून एक पडतात आणि डोळा ते एकत्र करतो. काहींचे डोळे हे पकडतात, त्यांना इंद्रधनुष्यासारखी झिलई दिसते. माझ्या पत्नीला दिसते, मला नाही. घेण्याआधी दुकानात काळ्या चित्रावर पांढरी अक्षरं लावा आणि घरातल्या सगळ्यांना नजर झटकन इकडून तिकडे न्यायला सांगा. आम्ही मग थ्री-एलसीडी घेतला. त्यात तिन्ही रंग एकाच वेळी पडतात, हा त्रास नाही. काळा रंग थोडा फिका वाटतो, तेवढं चालतं.

पुणे, खोक्यावरचे आकडे

आमच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे स्वस्त एलईडी प्रोजेक्टरच्या खोक्यावर ९०००, १२००० ल्युमेन लिहिलेलं असतं. त्याला काही अर्थ नाही. 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या मानक पद्धतीने मोजलेले, किती एवढंच विचारा. तसा आकडा दिलेलाच नसेल तर शे-तीनशेच्या वर धरू नका. तसंच 'फोरके सपोर्ट' म्हणजे फोरके चित्र आत घेतो एवढंच, दाखवतो किती ते 'नेटिव्ह' रेझोल्यूशनवर ठरतं. नेटिव्ह १९२० बाय १०८० आहे का ते बघा. कित्येकांत ते १२८० बाय ७२० किंवा त्याहून कमी असतं.

एवढं असूनही मी असाच एक मुलांच्या खोलीसाठी घेतला, आणि विचार करून घेतला. मूळ पोस्टमधलंच गणित लावलं. ८० इंची पडदा १९ चौरस फुटांचा, गुणिले १६ म्हणजे सुमारे ३०० ल्युमेन. म्हणजे खोली काळोखी असेल आणि पडदा ८० इंचांपुढे नेला नाही तर खरे ३०० ल्युमेन पुरतात. पुरलेत. कोपऱ्यांत फोकस किंचित मऊ आहे. एलईडी असल्याने लॅम्प बदलण्याची कटकट नाही. यातल्या अनेकांचा आतला भाग नीट बंद नसतो, धूळ आत गेली की चित्रावर डाग दिसतात. 'सील्ड इंजिन' लिहिलेलाच बघा.

आत दिलेल्या अँड्रॉइडवर अवलंबून राहू नका. ओटीटी कंपन्यांची मान्यता नसलेल्या यंत्रावर काही अ‍ॅप चालतच नाहीत, किंवा चालली तरी धूसर चित्र देतात. वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावा. आणि दर तपासताना जुन्या किमती धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय.

कोल्हापूर, पडदा घरीच केला

पडद्यावर कुणी फारसं लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. निम्मं चित्र पडद्याचं असतं.

गणपतीत आमच्या गल्लीत रस्त्यावर आडवा पांढरा कपडा बांधून पिक्चर लावायचे. मागच्या बाजूला बसणाऱ्यांना सगळं उलटं दिसायचं, नायकाच्या डाव्या हातात तलवार. दिसायचं म्हणजे काय, तर कपड्यातून उजेड आरपार जायचा. गल्लीत त्याने दुप्पट माणसं बसायची, पण घरी तो आरपार गेलेला उजेड फुकट. म्हणून चादर लावू नका. कपडा अपारदर्शक हवा.

मी फ्लेक्सचा तुकडा लावून बघितला. तो चकचकीत असतो, मधोमध उजेडाचा गोळा दिसतो. शेवटी पडदेवाल्याकडून खिडकीच्या पडद्यांना आतून लावतात ते पांढरं ब्लॅकआउट कापड आणलं. घेताना पांढरेपणा दिवसा उजेडात बघून घ्या, काही पिवळट असतात. सुताराकडून सागाची नको, हलक्या पाइनची चौकट करून घेतली, मधे एक उभी पट्टी, नाहीतर लांब बाजू वाकते. कापड ताणताना चारही बाजूंच्या मध्यापासून सुरू करून कोपऱ्यांकडे यायचं, समोरासमोर एकेक स्टेपल. एका बाजूची रांग पूर्ण करून मग दुसरीकडे गेलात तर हमखास सुरकुत्या. कडेला तीन बोटं रुंद काळं मखमल चिकटवलं. या काळ्या पट्टीने चित्र एकदम उठून दिसतं, आणि प्रोजेक्टर केसभर हलला तर जास्तीचा उजेड मखमल पिऊन टाकतं.

नुसत्या भिंतीवर बघणार असाल तर मॅट रंग द्या, चमकवाला नको, आणि आधी पुट्टी घासून घ्या. बाजूने टॉर्च मारला की भिंतीचे सगळे उंचवटे दिसतात.

नाशिक, प्रोजेक्टर न घेतलेला

आम्ही सगळं बघून ६५ इंची टीव्ही घेतला. घरात आई-बाबा आहेत, संध्याकाळी मालिका आणि बातम्या चालू असतात, मुलं तिथेच अभ्यास करतात, लोक येतात-जातात. हॉल काळोखा करणं म्हणजे सगळ्यांना उठवणं. टीव्हीला ट्यूबलाइट चालते, काळा रंग खरा काळा दिसतो, आवाजही बरा असतो. वेगळी खोली असेल तरच प्रोजेक्टर, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळ धागा लिहिणारी

नाशिककर, पटलं. दिवसाचे चार-पाच तास चालणारा पडदा हवा असेल तर टीव्हीच. आमच्याकडे प्रोजेक्टर शनिवार-रविवारच्या रात्रीपुरता आहे, म्हणून हिशोब वेगळा. एकाने निरोपात विचारलंय, ट्यूबलाइटमध्येही चालतो तो काळपट 'एएलआर' पडदा घेऊ का? घेताना तो कुठल्या प्रोजेक्टरसाठी आहे ते बघा. भिंतीला खेटून ठेवायच्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरचे पडदे खालून आलेला उजेड प्रेक्षकांकडे वळवतात आणि वरून आलेला अडवतात. छतावरच्या प्रोजेक्टरला तोच पडदा लावलात तर चित्रच अडेल.

न्यू जर्सी, तळघर

इथे बेसमेंटमुळे अंधार आयता मिळतो, तरी पांढरं छत त्रास देतं. पडद्यावरून परतलेला उजेड छतावर जाऊन पुन्हा पडद्यावर येतो. छताचा पडद्याजवळचा सहा फूट पट्टा गडद राखाडी मॅट रंगाने रंगवला आणि रात्रीची दृश्यं खुलली. पैसे नवीन यंत्रात घालण्याआधी हे करा. एचडीएमआयसाठी भिंतीतून पाइप टाकून ठेवा. १०८० साठी दहा मीटरची चांगली साधी केबल चालते, फोरकेला एवढ्या अंतरावर बहुधा ऑप्टिकल केबल लागते, आणि ती पुढेमागे बदलावी लागली तर भिंत फोडायला नको.

मडगाव

कोकण-गोव्याकडच्यांनी पावसाळ्याचा विचार आधी करावा. वर गुंडाळलेला पडदा जून ते सप्टेंबर तसाच राहिला तर आत बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि पांढऱ्या पडद्यावरचे ते निघत नाहीत. भिंगालाही बुरशी धरते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी पडदा उघडून प्रोजेक्टर तासभर चालवा, त्याची स्वतःची ऊब ओलावा घालवते. बराच काळ बंद राहणार असेल तर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. गुंडाळायच्या साध्या पडद्याला काही काळाने उभ्या लाटा पडतात, सिनेमात कॅमेरा आडवा सरकला की त्या दिसतात. दोन्ही कडांना दोरीचा ताण असलेला पडदा सपाट राहतो, पण तो महाग. जागा असेल तर कोल्हापूरच्या दादांसारखी पक्की चौकटच बरी.

छत्रपती संभाजीनगर

आवाजासाठी पैसे बाजूला काढले का कुणी? प्रोजेक्टरमधला स्पीकर ५-१० वॉटचा, तोही डोक्यामागे. पात्र समोर बोलतं आणि आवाज मागून येतो, ते कानाला सारखं टोचतं. ब्लूटूथने स्पीकर जोडला तर आवाज ओठांच्या मागे पडतो, काही यंत्रांत तो जुळवून घेता येतो, सगळ्यांत नाही. मी एकूण रकमेचा चौथा हिस्सा आवाजाला ठेवला आणि घरातल्याच जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला दोन बुकशेल्फ स्पीकर जोडून पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवले. प्रोजेक्टरला ऑडिओ आउटचं भोक आहे का ते घेतानाच बघा. नसेल तर स्टिक आणि प्रोजेक्टरच्या मधे एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर नावाची छोटी डबी लागते. वायर घेताना अंतर भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून मोजा. सरळ रेषेत मोजलेली वायर पुरत नाही.