कोडिंगमधून तंत्रज्ञान-कायद्याकडे वळावं का? सल्ला हवा आहे

अर्धविराम: बरीच वर्षं बॅकएंडचं काम करतोय. मध्यंतरी आमच्या प्रॉडक्टमधल्या खुल्या (ओपन सोर्स) कोडच्या लायसन्सची, म्हणजे वापराच्या अटींची, यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाकीचे नाकं मुरडत होते, मला मात्र ते चक्क आवडलं. आता कायद्याची पदवी घ्यायचं मनात आहे. नोकरी सोडून घ्यावी का? आणि कोडिंग कायमचं सुटेल का?

सनदवाला: मी याच वाटेने गेलोय. नोकरी इतक्यात सोडू नका. आधी जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सची दुसरी (१९९१) आणि तिसरी (२००७) आवृत्ती शेजारी ठेवून वाचा. पेटंटबद्दलचं कलम तिसरीत का आलं, बदललेलं सॉफ्टवेअर चालू न देणाऱ्या कुलूपबंद उपकरणांचा मुद्दा का आला, याचा छडा लावावासा वाटला तर पुढे बोलू. झोप आली तर फी वाचली!

कोडिंग सुटण्याचं म्हणाल, तर खरं भांडवल तेच आहे. करारात सर्रास एक वाक्य असतं: 'मागणी होताच ग्राहकाची सर्व माहिती तात्काळ व कायमची नष्ट केली जाईल.' नुसता वकील त्यावर डोळे झाकून सही घेतो. तुम्ही विचाराल, बॅकअपचं काय? लॉगमध्ये ईमेल पडलेत त्यांचं काय? रेप्लिका, म्हणजे डेटाबेसच्या चालू प्रती, त्यांचं काय? मग वाक्य बदलतं: चालू डेटाबेसमधून अमुक दिवसांत, बॅकअपमधून त्याचं चक्र संपल्यावर. जीडीपीआर या युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याखाली दंड जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे हा कीस काढणाऱ्याला मान मिळतो.

नलपॉइंटर: +१. ओरॅकल विरुद्ध गूगल खटला जरूर वाचा. त्यात रेंजचेक नावाच्या नऊ ओळींच्या फंक्शनवरून २०१२ साली केवढी रणधुमाळी झाली! दिलेली मर्यादा ॲरेच्या हद्दीत आहे ना, एवढंच ते बघतं. असला कोड आपण कैकदा लिहिलाय, असं खुद्द न्यायाधीश ऑल्सप यांनीच सुनावलं. मुख्य वाद गूगलने अँड्रॉइडमध्ये घेतलेल्या, जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या सुमारे ११,५०० ओळींचा. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०२१ मध्ये फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवायही चालणारा रास्त वापर, ठरून मिटला.

तळटीप: सगळे हरभऱ्याच्या झाडावर चढवताहेत म्हणून लिहिते. वकिलीत तुम्ही पुन्हा ज्युनियर. पगार घटेल, आणि तिशीतला सीनियर तुमच्या मसुद्यावर लाल रेघा मारेल. शिवाय सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात येईपर्यंत कुणालाही 'कायदेशीर मत' म्हणून काही लिहून देऊ नका, ऑफिसातसुद्धा. कोर्टाची हौस नसेल तर प्रायव्हसी किंवा लायसन्स कम्प्लायन्सची (नियम-अटी पाळल्या जातात का ते बघायची) पदं बघा. तिथे बऱ्याच ठिकाणी पदवीवाचून चालतं.

अर्धविराम: तळटीप, पगाराचं घरी अजून बोललो नाहीये, तो विषय आधी काढतो. सनदवाला, एजीपीएल (जीपीएलचंच नेटवर्कवरच्या वापरासाठीचं भावंड) सर्व्हरवर चालवणाऱ्यांना नेमकी कुठे अडवते? आमच्या यादीत तसं एक पॅकेज निघालंय, तेही थेट नाही, तिसऱ्या पायरीवर, म्हणजे आम्ही वापरतो त्या पॅकेजच्या पॅकेजला लागणारं.

सनदवाला: त्या पॅकेजमध्ये तुम्ही बदल केलेत का, आणि लोक ते नेटवर्कवरून वापरतात का, हे आधी सांगा. दोन्ही 'हो' असेल तर एजीपीएलचं कलम १३ उघडा.