शब्दचर्चा : पूर्वग्रह, अढी, ग्रह आणि 'चक्क'

चाकणपट्टा : इथल्या एका कारखान्यातल्या सुपरवायझर मंडळींसाठी सत्र आहे, विषय 'अनकॉन्शस बायस', म्हणजे कुणाबद्दल आपल्याही नकळत मनात बसलेलं मत. मजकुराचं मराठी तपासायला माझ्याकडे आलंय. आधीच्या भाषांतरकाराने 'अचेतन पक्षपात' लिहिलंय. वाचून मैदानात बेशुद्ध पडलेला अंपायर डोळ्यांसमोर येतो. दुसरा शब्द सुचवा.

पाटीवाचक : मानसशास्त्राच्या पुस्तकात 'अबोध पूर्वग्रह' खपेल. 'नेणिवेतला पूर्वग्रह' जास्त मराठी वाटतं. जाणीव-नेणीव ही जोडी हरिपाठातही आहे, तिथे अर्थ निराळा असला तरी. 'पक्षपात' मात्र नको. ती कृती झाली, आणि करणाऱ्याला बहुतेक वेळा आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असतं.

दिवेघाट : सरळ 'अढी' म्हणा की. आंबे अढीत घातल्यावर आत काय चाललंय ते दिसत नाही, वास सुटल्यावरच कळतं. मनातल्या अढीचंही तेच.

पाटीवाचक : उपमा झकास, शब्द चुकीचा. अढी बसायला आधी काहीतरी घडावं लागतं : भांडण, अपमान, बुडवलेले पैसे. ज्याचं तोंडही पाहिलं नाही त्याच्याबद्दल अढी कशी बसेल? आकस आणि डूख तर धरावे लागतात.

मुळामुठा : 'पूर्वग्रह'मधला 'पूर्व' क्षणभर बाजूला ठेवू. नुसता 'ग्रह' घ्या. मूळ धातूचा अर्थ पकडणे. मराठीत याची दोन क्रियापदं आहेत : 'ग्रह होतो' आणि 'ग्रह करून घेतो'. पहिल्यात आपण काहीच करत नाही, तो आपल्याला होतो, सर्दी व्हावी तसा. दुसऱ्यात कर्ता आपण. चाकणपट्टा यांना जे सांगायचंय ते सगळं या दोन क्रियापदांत बसतं. ग्रह होणं कुणालाच चुकलेलं नाही. तो कळल्यावरही तसाच ठेवला तर तो आपण करून घेतलेला. मी 'नकळत झालेला ग्रह' लिहिलं असतं. तीन शब्द होतात, होऊ देत.

आता तो ओळखायचा कसा? शिव्यांत शोधू नका, तिथे तो उघडाच असतो. कौतुकात शोधा. 'इतकं शुद्ध बोलता, वाटत नाही हो तुम्ही तिकडचे.' 'बाई असून क्रेन काय सफाईने चालवते!' 'बिहारी आहे, पण कामाला चोख.' बोलणाऱ्याच्या मनात काडीचंही वाईट नसतं, तो खरंच खूश असतो. चोरी पकडून देतात ते 'पण', 'असून', 'तरी', आणि सगळ्यांत जास्त 'चक्क'. 'चक्क'चा अर्थ, मला हे अपेक्षित नव्हतं. का नव्हतं, एवढंच विचारायचं. 'पण'च्या जागी 'आणि' घालून वाक्य म्हणून पाहा. 'बिहारी आहे आणि कामाला चोख.' जीभ अडखळली तर ग्रह तिथे आहे.

पुण्याच्या वर्तमानपत्रांत 'रिक्षाचालकाचा प्रामाणिकपणा' ही बातमी अधूनमधून असते. विसरलेली बॅग परत केली, सत्कार झाला. 'डॉक्टरचा प्रामाणिकपणा' असा मथळा कधी वाचलाय?

कसबाकर : रिक्षावाल्यांबद्दलचा तो ग्रह नव्हे, अनुभव आहे. स्टेशनवर रात्री उतरून बघा.

मुळामुठा : अनुभव त्या रिक्षावाल्याचा, लावला पुढच्या सगळ्यांना. 'पूर्व' इथे येतो बघा.

दिवेघाट : न-णचं राहिलंच. कुणी 'पानी' म्हणालं की पेठांतच काय, कोथरूडातही समोरच्याचं शिक्षण, घर, आडनाव, सगळं मनात मांडून होतं. त्याला आपण 'अशुद्ध' म्हणतो. बोलीला अशुद्ध म्हणणं हाच ग्रह, फक्त तो व्याकरणाचा सदरा घालून बसलाय.

कसबाकर : प्रमाणभाषा शिकवायचीच नाही का मग?

दिवेघाट : शिकवा. कारकुनाच्या जागेसाठी अर्ज तपासताना ठीक. फिटरच्या मुलाखतीत 'ण' कशाला मोजायचा?

पाटीवाचक : आडनावावरून आठवलं, सत्रात हे जरूर सांगा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत : सवर्ण हिंदू, दलित, मुस्लिम. दलित आणि मुस्लिम नावांना पुढच्या फेरीचं बोलावणं कमी वेळा आलं. हा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. अर्ज चाळणाऱ्यांपैकी कितीजणांनी जाणूनबुजून केलं आणि कितीजणांना नकळत झालं, ते अशा प्रयोगातून कळत नाही. अर्जदाराला त्याने फरकही पडत नाही.

चाकणपट्टा : मूळ मजकुरात संगणकावरची एक चाचणी आहे, शब्दांच्या जोड्या लावायची. ती घ्यावी का?

पाटीवाचक : ती १९९८ची. अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांची. महझरीन बानाजी यांचं नावही तिच्याशी कायम जोडलं जातं, त्या मूळच्या सिकंदराबादच्या. कळ दाबायला किती मिलिसेकंद लागतात त्यावरून मनातली सांगड मोजतात. चर्चा सुरू करायला बरी, पण त्याच माणसाने पुन्हा दिली तर निकाल बराच वेगळा येऊ शकतो, आणि तो प्रत्यक्षात कसा वागेल हे तिच्यावरून फारसं सांगता येत नाही. सुपरवायझरच्या हातात गुण देऊ नका. कमी आले तर 'मी निर्मळ' म्हणून फिरेल, जास्त आले तर सत्रावरच अढी धरेल.

दिवेघाट : आली की अढी!

पाटीवाचक : इथे काहीतरी घडलंय ना आधी. बरोबर वापरलाय.

मुळामुठा : मन सुधारत बसण्यापेक्षा कागद सुधारणं सोपं. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थी नाव लिहीत नाही, बैठक क्रमांक लिहितो. त्यात परीक्षकांचा अपमान कुणालाच वाटत नाही. चाकणपट्टा, तुमच्या कारखान्यातल्या भरतीच्या अर्जात 'मूळ गाव' आणि 'वडिलांचा व्यवसाय' हे रकाने आहेत का, तेवढं पाहून सांगा.

चाकणपट्टा : दोन्ही आहेत. पहिल्याच पानावर, आयटीआयच्या ट्रेडच्या वर.