शॉर्टकट फोल्डरमध्ये हलवला की कळा का चालत नाहीत?

डेस्कटॉपवरील शॉर्टकट आवरून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्यापासून त्यांना नेमून दिलेल्या कळांनी प्रोग्राम उघडत नाहीत, ही आपली अडचण संगणकाच्या बिघाडाची नाही. विंडोजमध्ये शॉर्टकटच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘शॉर्टकट की’ या चौकटीत नेमलेली कळ तो शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेल तरच भरवशाने चालते. त्यामुळे डेस्कटॉप मोकळा हवा असल्यास ते सर्व स्टार्ट मेनूच्या ‘प्रोग्राम्स’ फोल्डरमध्ये हलवावेत.

मात्र कळ निवडताना घाई करू नये. त्या चौकटीत नुसते अक्षर दाबले तरी विंडोज त्यामागे कंट्रोल आणि ऑल्ट आपणहून जोडते, आणि उजवी ऑल्ट अनेक कळफलकांवर याच जोडीचे काम करते. सीताबर्डीतील आमच्या छोट्या कार्यालयात मी हौसेने १ ते ५ हे आकडे पाच प्रोग्रामना वाटून दिले होते, त्यात ४ वर कॅल्क्युलेटर होता. इंग्रजी (भारत) कळफलकावर रुपयाचे चिन्ह उजवी ऑल्ट आणि ४ यांनीच उमटते. परिणामी बिलात ₹ टाकायला गेले की कॅल्क्युलेटर समोर हजर! आमच्या वृद्ध हिशेबनिसांनी दोन दिवस निमूटपणे तो बंद केला, तिसऱ्या दिवशी मात्र मला बोलावून घेतले.

टास्कबारवर पिन केलेल्या प्रोग्रामसाठी विंडोज कळ आणि १ ते ९ पैकी आकडा पुरतो, पण चिन्हांचा क्रम बदलला की आकडेही बदलतात.