बटण दाबलं की व्हेक्टर होतो म्हणणाऱ्यांसाठी

रेडियमवाला_सातारा: काल इथे एकाने लिहिलं, "कोरलमध्ये ट्रेस दाबलं की जेपीजीचा व्हेक्टर होतो, मग दुकानदार २०० रुपये कशाचे घेतात?" (कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर. जेपीजी म्हणजे ठिपक्यांचं चित्र, व्हेक्टर म्हणजे मशीनला कापता येणारी रेषांची फाइल, आणि ट्रेस म्हणजे चित्रावरून सॉफ्टवेअरने आपोआप रेषा काढणं.) रात्रभर डोक्यात तेच होतं. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मंडळाचा लोगो पाठवतं, तोही कुणीतरी बॅनरचा काढलेला फोटो. अक्षरांच्या कडेला जेपीजीची घाण, म्हणजे धूसर डाग, असतात. ट्रेस त्या प्रत्येक डागाचा आकार करतं. स्क्रीनवर छान दिसतं हो! पण प्लॉटरचं, म्हणजे स्टिकर कापणाऱ्या मशीनचं, ब्लेड प्रत्येक नोडवर, म्हणजे रेषेवरच्या बिंदूवर, वळतं. वर्तुळाला चार नोड पुरतात, ट्रेस तिथे चाळीस टाकतं. कड करवतीसारखी निघते आणि फालतू व्हिनाइल (स्टिकरचं प्लास्टिक) सोलताना 'श्री'ची वेलांटीच सोबत उठून येते. मी लोगो हाताने पुन्हा काढतो, त्याचे पैसे घेतो आणि घेणारच.

डिझाइन_पुणे: ते वाक्य माझंच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. घाण आधी साफ करायची असते. चित्र चारपट मोठं करा, थोडं ब्लर करा, थ्रेशोल्ड लावा, म्हणजे सगळं निव्वळ काळं-पांढरं करा, मग ट्रेस करा. इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरच्या ट्रेसमागे पीटर सेलिंगरचा पोट्रेस हा प्रोग्राम आहे, त्याला मुळात निव्वळ काळं-पांढरंच लागतं. रंगीत फोटो तसाच ढकलायचा आणि सॉफ्टवेअरला शिव्या द्यायच्या, हे बरोबर नाही.

लेझर_कोल्हापूर: साहेब, पोट्रेस रेषेची बाह्यरेषा काढतं, रेष नाही. एका गिऱ्हाइकाने स्वतः ट्रेस करून रांगोळीची फाइल आणली. प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंनी लेझर फिरला आणि एमडीएफच्या लाकडी शीटमधून पट्ट्या सुटून खाली पडल्या. आख्खा शीट वाया गेला, वर ओरडा मलाच.

डिझाइन_पुणे: रेषेच्या मधोमध एकच रेष काढणारं सेंटरलाइन ट्रेस आहे की. इंकस्केप १.० पासून, म्हणजे २०२० पासून.

लेझर_कोल्हापूर: आहे. जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे वेडीवाकडी होते, आणि ती सरळ करत मीच बसतो.

स्टेन्सिल_नाशिक: मूळ मुद्दाच चुकतोय. अक्षरं ट्रेस करायचीच कशाला? फाँट ओळखा आणि टाइप करा. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराने साधं नाव ट्रेस करून माझ्याकडून पैसे घेतले, फाँट त्याच्याच कॉम्प्युटरवर होता!

रेडियमवाला_सातारा: ताई, टाइप करून तरी कुठे सुटका आहे? देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढते. अक्षरांचे कर्व्ह (आकार) करून ते वेल्ड केले, म्हणजे एकमेकांत जोडले, नाहीत तर ब्लेड प्रत्येक जोडावर शिरोरेषा कापतं. 'जय भवानी'चे तुकडे हातात येतात.

डिझाइन_पुणे: वेल्डला एक क्लिक लागते. आणि तुम्ही अजून श्रीलिपीसारखे जुने फाँट वापरता, फाइल दुसरीकडे उघडली की सगळा कचरा. युनिकोडवर या, ती अक्षरं सगळीकडे तशीच उघडतात.

रेडियमवाला_सातारा: माझ्या जुन्या कोरलमध्ये युनिकोडची जोडाक्षरं फुटतात. नवीन घ्यायला पैसे तुम्ही देणार का?

डिझाइन_पुणे: म्हणजे तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरचा दंड गिऱ्हाइकाने भरायचा?

रेडियमवाला_सातारा: तोंड सांभाळून बोला. भर उन्हात टेम्पोच्या काचेवर स्टिकर लावायला तुम्ही येत नाही.

स्टेन्सिल_नाशिक: युनिकोडने माझं काम सुटत नाही. स्टेन्सिलमध्ये व, ब, ठ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. तिथे तुकडा धरून ठेवणारा पूल ठेवावा लागतो, तो कुठे आणि किती जाड हे कुठलंही ट्रेस सांगत नाही, कुठला फाँटही नाही. ते मी हाताने करते. त्या कामाचे पैसे घेणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही.

डिझाइन_पुणे: ठीक आहे. पूल आणि खराब लोगो, एवढ्याचे पैसे मान्य. टाइप केलेल्या नावाचे अजिबात नाही. आणि २०० घेतलेत तर एसव्हीजी (व्हेक्टर) फाइल गिऱ्हाइकाला द्या.

रेडियमवाला_सातारा: फाइल दिली की पुढचं काम शेजारच्या दुकानात जातं. २०० कटिंगपुरते. फाइल हवी तर ५०० होतील.

स्टेन्सिल_नाशिक: मग हा दर दुकानाच्या बोर्डावर लिहा, काम झाल्यावर सांगू नका.

रेडियमवाला_सातारा: लिहितो. नावांचे पैसे वेगळे लावणार नाही, हेही लिहितो. फाइलचे ५०० मात्र राहतील.